काकांची पाणसळ

सबंध पुणे शहर एका बाजूला कललेले आहे आणि आपण लक्ष ठेवून असल्यामुळेच ते अजून मुठेत घसरलेले नाही, अशी माझ्या धाकट्या मावशीच्या यजमानांची प्रामाणिक समजूत होती. काका बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. कोटाच्या उजव्या खिशात वीतभर लांबीची लाकडी पाणसळ, म्हणजे जागा सपाट आहे का ते बुडबुड्याने दाखवणारी पट्टी, कायम असे. कसबा पेठेतल्या त्यांच्या घरी पान वाढले की आधी पाटावर पाणसळ ठेवायची आणि काचेतला बुडबुडा मधोमध आला की मगच बसायचे, मग आमटी गार झाली तरी चालेल. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात तर त्यांनी पाटावर बसलेल्या नवरदेवाला उठवले, पाटाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि म्हणाले, "आता बसा. पुढचं तुमचं तुम्ही वाकडं करा." भटजी मुहूर्ताच्या नावाने ओरडत होते. मावशीने भर मांडवात कपाळाला हात लावला.

सरकारच्या पैशाबद्दल ते याहून कडक. दुष्काळाच्या वर्षी वाघोलीच्या पुढे एका रस्त्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि बी.कॉम. होऊन घरात बसलेल्या मला त्यांनी तिथे मजुरांची हजेरी घ्यायला चिकटवले होते. शहरात माझ्यासारखे पदवीधर चौकाचौकात उभे, गावात विहिरी कोरड्या. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ ओट्यावर बसून म्हणाले, "लोकांना खडी फोडायला लावून सरकार पैसे उधळतंय." काका चपला घालता घालता म्हणाले, "अहो, आपण पेन्शन घेता, तेव्हा कुठली खडी फोडता?" त्याच काकांनी घमेलंभर मुरूम कमी पडला म्हणून मुकादमाला उन्हात उभे करून झापलेले मी पाहिले आहे. काम मागेल त्याला काम द्यायचे, पण ते चोख करून घ्यायचे, एवढेच त्यांचे अर्थशास्त्र होते.

या चोखपणानेच घात केला. रस्ता ठरल्या वेळेआधीच पुरा झाला. पुढच्या कामाची मंजुरी वरच्या कचेरीत अडकलेली. ती येईपर्यंत काम बंद, मजुरी बंद, मजुरांना सोबत खायला मिळणारी सुकडीही बंद. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब येऊन 'पूर्ण' असा शेरा मारणार होते. संध्याकाळी घमेली पालथी घालून बायका रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांतली हौसाबाई काकांना म्हणाली, "आमी लईच झटझट केलं, न्हाई का वो साहेब? जरा हळू केलं आसतं तर आजून थोडं दिस चूल पेटली आसती." उताराच्या मापाने कापलेली फळी काकांनी रस्त्यावर आडवी ठेवली, वर पाणसळ ठेवली. मी वाकून पाहिले. बुडबुडा अगदी मधोमध, म्हणजे उतार बिनचूक.

"काका, झकास झालाय," मी म्हणालो.

"तेच तर," ते म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले.

सकाळी जीप आली. साहेब वयाने तरुण, मितभाषी. त्यांनी पेन काढले तसे काका पुढे झाले.

"साहेब, शेवटच्या टप्प्याचा उतार चुकलाय. पावसाळ्यात पाणी साचेल. उकरून पुन्हा करावा लागेल."

"चूक कोणाची?"

"माझी."

ठपका म्हणजे हाताशी आलेली बढती गेली, आणि खोटे उघडे पडले तर नोकरीच. साहेबांनी हात पुढे केला. "तुमची पाणसळ द्या. मीच बघतो."

"आज घरी राहिली."

कोटाचा उजवा खिसा चांगला वीतभर फुगलेला होता. साहेबांनी त्या खिशाकडे पाहिले. मग कडेला उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिले. कोणी हलत नव्हते. जन्मात कधी केला नव्हता इतक्या मनापासून मी देवाचा धावा केला.

"मग तुमच्या शब्दावर लिहितो," साहेब शेवटी म्हणाले. "पण ठपका येईल."

"यायलाच हवा," काका म्हणाले.

त्या उत्तम रस्त्यावर पहिली पहार त्यांनी स्वतः मारली. मला ते बघवले नाही. उकरलेला उतार पुन्हा तसाच्या तसा बसेपर्यंत पुढची मंजुरी आली आणि एकाही माणसाला घरी बसावे लागले नाही. बढती मात्र गेली. मावशी बरेच महिने त्यांच्याशी कामापुरतेच बोलली. आणि पाणसळ खिशातून गेली ती गेलीच. पाट डुगडुगत असला तरी काका मुकाट्याने जेवायला बसू लागले.

माझ्या लग्नात मी पाटावर बसलो, तर पाट खरोखरच डुगडुगत होता. काका लांब खांबाशी उभे. मी हाक मारली, "काका, जरा पाट बघा की." ते जागचे हलेनात. तेव्हा मावशीने आपल्या पिशवीतून पाणसळ काढली, पदराने पुसली आणि त्यांच्या हातात दिली. काकांनी मला उठवले, पुठ्ठा सारला, चष्मा कपाळावर चढवून बुडबुडा पाहिला.

"सरळ आहे," ते म्हणाले. "पण माझ्या भरवशावर राहू नकोस. माझा रस्ता वाकडा निघाला होता. सरकारदरबारी तसं लिहिलेलं आहे."

सगळे हसले, मावशीसुद्धा. आता काका नाहीत. त्या रस्त्यावरून नव्या सोसायट्यांच्या बांधकामांचे डंपर जातात आणि त्याची पार चाळण झाली आहे. तो किती सरळ होता, हे पाहिलेला मी एकटाच उरलो आहे.