कुंपणाबाहेरची कुर्डूची भाजी

मंडळी, वलवणच्या घरामागची घाणेरीची झुडपं कशाने मरतील, असं मी इथे विचारलं होतं. निम्म्यांनी मीठ-व्हिनेगर सुचवलं, निम्म्यांनी दुकानातलं तणनाशक.

मीठ-व्हिनेगरने पानं करपली, पण आठवड्यात पुन्हा फुटवे आले. म्हणून काल तणनाशक फवारलं. कुंपणाच्या आत आणि बाहेरही.

आज दुपारी शेजारच्या मावशी दारात आल्या. ओच्यात कुर्डूची रानभाजी.

"तुमच्याच कुंपणाभायेरची हाय, लय कोवळी. आमी सकाळी खाल्ली, थोडी तुमाला आणली."

मी दारातच ओरडलो. "मावशी, तिथे काल औषध मारलंय!"

"आवो, मागल्या बारीला आंबूस वास येत व्हता, पानं जळाली व्हती, म्हणून न्हाई खुडली. आता तर हिरवीगार दिसली."

आत्ता दवाखान्यात बसून लिहितोय. मावशींना उलट्या थांबत नाहीयेत. डॉक्टरांनी तणनाशकाची बाटली मागवली, तेव्हा तिच्यावरची बारीक अक्षरं मी पहिल्यांदा वाचली.

जुन्या पोस्टवर कुणीतरी विचारलंय, "मग दोन्हींत भारी कुठलं?"

घाणेरी अजून हिरवीच आहे. तुमच्या कुंपणाबाहेरची भाजी कोण खुडतं, माहीत आहे तुम्हाला? मला माहीत होतं.