आर्डिथचं तारेचं फाटक

आर्डिथ ल्यूडर्सच्या तोंडी लागू नये, हे नेब्रास्कातल्या आमच्या केट्लर गावात पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात. मी तिची शेजारीण. शेजारीण म्हणजे तिच्या घरापासून माझ्या घरापर्यंत चार मैल नुसत्या वाळूच्या टेकड्या आणि गवत, मधे चिटपाखरू नाही. तेवढ्या लांबूनही तिने मला तीस वर्षं सुखाने जगू दिलं नाही. माझं कुंपण ढिलं, माझा कुत्रा ऐतखाऊ, मी केलेल्या राजमा-मांसाच्या चिलीत पाणी फार. चर्चच्या जेवणाला मी दालचिनीचे रोल केले की एक उचलून टेबलावर आपटायची आणि सगळ्यांदेखत म्हणायची, "जोलीन, याने खिळे ठोकता येतील." मग तीन खायची.

तिचा नवरा वॉरन गेल्यावर गाई तिने एकटीनेच सांभाळल्या. पंच्याहत्तरी उलटली तरी वासरू अडलं की बाही वर करून स्वतः हात घालायची. दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फावर घसरली, कंबरेचं हाड मोडलं, आणि मी सहज डोकावले म्हणून जिवंत राहिली. उपकार मानणं दूरच. उशिरा आलीस म्हणून तिथेच पडल्या पडल्या माझा उद्धार केला.

तिचा मुलगा केंट ओमाहाला विमा कंपनीत असतो. गुळगुळीत बुटांचा माणूस. आईने गाई विकाव्यात, कुरणं भाड्याने द्यावीत आणि आपल्या घराजवळच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहायला यावं, असं त्याच्या डोक्यात कधीचं होतं. यंदा वसंतात त्याला निमित्तही मिळालं. माद्यांपुढे रानकोंबडे नाचतात ते बघायला दुर्बिणी लटकवून कुठली तरी मंडळी आली आणि आर्डिथची आतली-बाहेरची फाटकं सताड उघडी टाकून गेली. तिचा बैल थेट हायवेवर. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून दोघंही वाचले.

केंट आला आणि माझ्याच स्वयंपाकघरात त्याने अट घातली. आणखी एक भानगड झाली की गाई बाजारात आणि आई ओमाहाला. आर्डिथने त्याच्याशी हात मिळवला. आमच्याकडे हात मिळवला की संपलं, त्यावर कागद लागत नाही. पण तो गेल्यावर ती खुर्चीत बसली ती बराच वेळ उठली नाही. त्या इमारतीत खिडक्यासुद्धा उघडत नाहीत, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने खळ्यातली फळी काढली, ट्रॅक्टरचा उरलेला लाल रंग घेतला आणि पाटी रंगवली: "फाटक लाव. मी बघतेय." उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या कुरणामधल्या तारेच्या फाटकाच्या खांबाला ती ठोकली. ते फाटक म्हणजे नुसत्या काटेरी तारा, जीव खाऊन ओढल्याशिवाय खांबाच्या फासात बसत नाही. मी म्हटलं, अगं, ही वाचणार कोण? आपल्याकडे फाटकाचा कायदा एकच. उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, लावलेलं दिसलं तर मागे पुन्हा लावायचं. कुणी कशासाठी उघडलंय ते ज्याचं त्याला ठाऊक, आपण डोकं चालवायचं नाही. त्यावर ती म्हणाली, ही आपल्या लोकांसाठी नाहीच मुळी, बाहेरच्या गाढवांसाठी आहे.

जुलैत उत्तरेच्या कुरणातली पाणी उपसणारी पवनचक्की बिघडली. दुरुस्तीवाला पुढच्या आठवड्यात येणार होता. उत्तरेच्या गाईंना दक्षिणेच्या हौदावर पाणी पिता यावं म्हणून आर्डिथने मधलं फाटक उघडून ठेवलं. इथली कुठलीही बाई हेच करती. आणि इथली कुठलीही बाई पाटी विसरली असती, कारण आम्ही फाटक बघतो, फळी बघत नाही.

नेमका तेव्हाच तो टोबिन उगवला. बॉस्टनचा, तिशीचा, डोक्यावर कोरी करकरीत टोपी. लोक ज्या राज्यांकडे ढुंकून बघत नाहीत तिथे हिंडायचं आणि लिहायचं, हा म्हणे त्याचा धंदा. कॅफेत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. नेब्रास्कावरून लोक विमानाने जातात, खाली कुणी बघतच नाही, आपल्याला मात्र हे रिकामेपण फार आवडलं. आर्डिथने कॉफीचा कप खाली ठेवला.

"रिकामं तुझं डोकं आहे," ती म्हणाली. "तूही वरूनच जायचं होतंस."

कॅफे हसला. कुणी त्याच्या टेबलाशी बसलं नाही. मीही बसले नाही, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. तो गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांनी बांधलेल्या जुन्या शाळेचे अवशेष बघायला जाणार होता. तिकडची वाट आर्डिथच्या त्या मधल्या फाटकातूनच जाते, पण वाट काउंटीची, म्हणजे सरकारी आहे, त्यामुळे तिला अडवता येईना. ती त्याच्या गाडीकडे बघत राहिली.

त्या आठवड्यात वारा नव्हता आणि ऊन असं की पिकअपच्या दाराला हात लावला तर चटका बसावा. दोन दिवसांनी आर्डिथचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली. तीस वर्षांत शिवी न देता तिने मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. मी होते तशीच निघाले.

मधलं फाटक कुणीतरी लावून टाकलं होतं, मी पोचेपर्यंत तिने ते उघडलं होतं. उत्तरेच्या बाजूला तारेला अंग लावून गाई पडल्या होत्या. पलीकडच्या पाण्याचा वास त्यांना येत असणार. उभ्या होत्या त्या हौदावर तुटून पडत होत्या, आणि एकदम पाणी पिऊन त्याही मरतील म्हणून आम्ही दोघी म्हाताऱ्या काठ्या घेऊन त्यांना मागे रेटत होतो. संध्याकाळपर्यंत अकरा गाई गेल्या. त्यांची वासरं त्यांच्याभोवती हंबरत फिरत होती. आर्डिथ रडली नाही. मी रडले, तर तेवढ्यातही मला म्हणाली की डोळ्यांतलं पाणी हौदात घाल, उपयोग तरी होईल.

खांबावर खिळ्यांची दोन ताजी भोकं होती. पाटी नव्हती. तिच्या पिकअपमध्ये ताडपत्रीखालून लाल अक्षरांचा कोपरा बाहेर आला होता. मी बघितलं, आणि मी बघितलं हे तिनेही बघितलं. ती पाटी आम्हा दोघींशिवाय गावात कुणाला माहीत नव्हती, आणि माझं तोंड शिवलेलं होतं. बॉस्टनच्या टोपीवाल्यासाठी मी आर्डिथला ओमाहाला धाडणार होते की काय? बायबलवर हात ठेवूनही खोटं बोलले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी निम्मं गाव जमलं. केंट पहाटेच निघून आला होता. शेरीफने टोबिनला मोटेलमधून आणलं. त्याच्या उजव्या तळहाताला जाडजूड पट्टी होती. मेलेल्या गाई बघून त्याचं तोंड पांढरं पडलं.

"मी फाटक लावलं," तो म्हणाला. "पाटीवर लिहिलं होतं, लाव म्हणून."

सगळ्यांनी खांबाकडे बघितलं. कुठली पाटी, असं शेरीफने विचारलं. कुणीतरी म्हणालं, बॉस्टनला पाट्या भुतं लिहितात वाटतं. पोरगा पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. लाल अक्षरं होती, फाटक लागत नव्हतं, काटेरी तारेने हात फाटला, सात टाके पडले, तरी पाटी होती म्हणून लावलं. तो जितकं सांगे तितके लोक हसत. केंटने तर त्याच्या छातीवर बोट टेकवलं. तुला कोर्टात खेचतो, म्हणाला. मग तो आईकडे वळला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज मऊ झाला.

"आई, यात तुझी काही चूक नाही. तू राहा इथंच. मी पुन्हा नाव काढणार नाही."

मला वाटलं, सुटली. माझा जीव भांड्यात पडला.

आर्डिथ त्या पोराच्या पट्टीकडे बघत होती. मग पाय ओढत पिकअपपाशी गेली, ताडपत्री उचलली आणि पाटी आणून केंटच्या बुटांपुढे आपटली.

"ही पाटी. मी लिहिली, काढायची मीच विसरले, आणि काल लपवलीही मीच." मग ती टोबिनकडे वळली. "तू मूर्ख आहेस. गाई इकडे, पाणी तिकडे, डोळे कशाला दिलेत देवाने? पण खोटारडा नाहीस. आता चालता हो. आणि आमच्याबद्दल चांगलं काही लिहू नकोस, आणखी तुझ्यासारखे येतील."

तो काहीतरी बोलायला गेला, माफी मागत असावा. तिने पाठ फिरवली. लोक एकेक करून गाड्यांत बसले, कुणी कुणाकडे बघेना. केंट बूट वाळूत रुतवून तसाच उभा राहिला.

सगळे गेल्यावर मी तिच्यावर तोंड सोडलं. जरा गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं, तो पोरगा तुझा कोण लागतो, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास. ती ऐकत राहिली, हेच मला भयंकर वाटलं.

"वॉरन गेल्यापासून ते फाटक माझ्याशिवाय कुणाला लागलेलं नाही, जोलीन," ती शेवटी म्हणाली. "तुलाही नाही. त्या गाढवाने हात फाटेपर्यंत ओढून ते लावलं. माझं ऐकलं म्हणून."

केंटशी हात मिळवला होता, त्यामुळे पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. सप्टेंबरात तिच्या गाई बाजारात गेल्या. ट्रक भरताना ती घरातून बाहेर आली नाही.

केंट तिला न्यायला आला त्या दिवशी मी रस्त्याकडच्या फाटकाशी थांबले होते. गाडी बाहेर आली तसा केंट उतरला आणि त्याने मागे फाटक लावलं. आर्डिथने काच खाली केली.

"आलास तेव्हा कसं होतं?"

"उघडं होतं. पण आई, आता आत एकही गाय नाही."

"कसं होतं ते विचारलं."

केंट मागे गेला आणि त्याने फाटक पुन्हा उघडलं. तो येईपर्यंत तिने माझ्याकडे बघितलं नाही. मग काच वर करता करता म्हणाली की, ओढ्याजवळची तुझी तार ढिली आहे. जातानाही तेच. मला असा राग आला की हातसुद्धा हलवला नाही मी.

तार खरंच ढिली होती. दुसऱ्या दिवशी जाऊन ती घट्ट केली, आणि नीट झाली का हे विचारायला कुणी नाही म्हणून तिथेच वाळूत बसून रडले.