अक्काच्या वाटचं दूध

अक्का पडली ती शेळीच्या मागे धावताना. पारोळ्याजवळच्या आमच्या गावी तिने अंगणात बाजेवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळत घातले होते. शेजारची शेळी आली, अक्का काठी घेऊन धावली, आणि पुढच्या क्षणी शेळी बिबडा चघळत उभी होती आणि अक्का आडवी. अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढेमागे. अंगाने इतकी हलकी की चुलतभावाने तिला एकट्याने उचलून गाडीत ठेवलं आणि त्याही अवस्थेत विचारलं, "अक्का, तू शे का नुसतं लुगडं शे?"

जळगावला माझ्या घराजवळच्या दवाखान्यात फोटो काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "हाड मी बसवून देईन. पण ते भरून यायला अंगात काही पाहिजे ना! यांच्या अंगात काहीच नाही."

ऑपरेशनच्या आधी काही तास उपाशी राहायचं, एवढं एकच वाक्य अक्काने मनापासून ऐकलं. या विषयात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने आदल्या दिवशी सकाळपासूनच तोंड बंद केलं. सिस्टर जेवणाचं ताट घेऊन आल्या तर म्हणाली, "माले उपास सांगेल शे."

"अहो आजी, तो उद्या पहाटेपासून! आणि पाणी तर उद्याही थोडं चालतं."

"मंग आज शनिवारना धरा."

शेवटी भुलीचे डॉक्टर स्वतः आले आणि उभं राहून तिला खिचडी खायला लावली. खिचडी खाताना अक्काचा चेहरा नापास झाल्यासारखा होता.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, हातात फॉर्म. रोज काय खाता, असं त्यांनी विचारलं.

"सोमवारी?"

"उपास."

"मंगळवारी?"

"चतुर्थी उनी तर उपास."

"गुरुवारी?"

"उपास."

"बरं, उपासाला काय खाता?"

"चहा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून समजावलं की अशा वयात, अशा ऑपरेशननंतर माणूस जेवला नाही तर जखम लवकर भरत नाही, पायात उभं राहायचं बळ येत नाही. घट्ट वरण, पनीर, दही, शेंगदाण्याचं कूट, सगळं थोडं थोडं पण पाच-सहा वेळा द्या. आणि दिवसातून दोनदा दुधात ही प्रथिनांची पावडर.

"पावडर तोंडले लावतस," अक्का म्हणाली, "पोटमा नही घालतस."

तरी दूध संपत होतं. मी सकाळी बँकेत जाण्याआधी ग्लास भरून ठेवायचो, दुपारी बायको भरून ठेवायची. पुन्हा येऊन बघावं तर ग्लास तळापर्यंत रिकामा. मी बाईंनी दिलेल्या आहाराच्या कागदावर बरोबरची खूण करायचो आणि ती खूण सिस्टरना उगाच दोनदा दाखवायचो.

पण अक्काला काही बळ येईना. वॉकर धरून दोन पावलं टाकली की घेरी यायची. त्या खोलीत दुसऱ्या खाटेवर एक चाची होत्या, त्यांचंही खुब्याचंच ऑपरेशन झालेलं. शहरात त्यांचं गाद्या भरायचं दुकान. त्या मात्र चौथ्याच दिवशी वॉकर घेऊन व्हरांड्यात फिरू लागल्या. आहारतज्ज्ञ बाई अक्काचा कागद पुन्हा पुन्हा बघत होत्या. "सगळं पोटात जातंय, मग जातंय कुठे?"

ते मला सहाव्या दिवशी कळलं. सकाळी मी खोलीतून निघालो आणि चष्मा विसरला म्हणून परत फिरलो. दारातून बघतो तर दोन खाटांमधलं चाकांचं टेबल हळूहळू निघालं होतं. अक्का उशीवरून न उठता, दोन बोटांनी त्याला ढकलत होती. टेबल चाचींच्या खाटेला जाऊन टेकलं. चाचींनी ग्लास उचलला, डोळे मिटले आणि औषध घ्यावं तसा एका दमात रिकामा केला. मग टेबल परत निघालं.

"अक्का! काय करी ऱ्हायनी तू?"

अक्का जराही दचकली नाही. "तिना अंगमा काहीच नही रे. पोऱ्या दुकानवर, सून घरमा. तिले कोन दी?"

चाचींनी ग्लासकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ये इनका था?"

"हो, चाची."

"या अल्ला! मुझे लगा इनके यहाँ से मेहमाननवाज़ी है." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बेटा, बिलकुल अच्छा नहीं लगता था. मगर बुढ़िया का दिल कैसे तोड़ती?"

चाचींच्या घरून रोज डबाभर सूप आणि उकडलेली अंडी येत होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. चाची खायच्या त्या खाटेचा पडदा ओढून; अक्काला तो डबा फक्त कापडात गुंडाळलेला दिसे आणि तिला वाटे, कपडे असतील.

मी हसलो, पण मग खुर्चीवर बसलो तो बसूनच राहिलो. पन्नास वर्षं मी अक्काच्या हातचं जेवलो. तिला जेवताना पाहिल्याचं एकदाही आठवेना. सगळ्यांचं झाल्यावर ती चुलीकडे तोंड करून बसायची, आणि भांड्यात काय उरलं होतं हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

उपाय चाचींनीच काढला. दुपारी त्यांचा डबा आला. त्यांनी तो उघडला, झाकण परत लावलं आणि जाहीर केलं, "ये खाएगी, तब मैं खाऊँगी."

अक्काने पाच मिनिटं भिंतीकडे पाहिलं. दहा मिनिटं झाली. चाचींनी पोटावरून हात फिरवून मोठा सुस्कारा टाकला. आयुष्यात अक्काने दारात आलेलं कुत्रंसुद्धा उपाशी परत पाठवलं नव्हतं. ती माझ्यावर खेकसली, "आन ते दूध! हाई बाई मरी जाई."

ती दूध प्यायली. तोंड वाकडं केलं, पण प्यायली. चाचींनी डबा उघडला. तेव्हापासून खोलीत रोज पाच-सहा वेळा हा तमाशा होऊ लागला. अक्का वरण संपवी, चाची अंडं सोलत. आहारतज्ज्ञ बाई दारात उभ्या राहून बघत आणि कागद भरून जात. अक्काला घरी सोडताना त्यांनी उपासांचाही सौदा केला. एकादशी अक्काची, बाकीचे दिवस दवाखान्याचे. पावडर औषधात मोडते, म्हणून एकादशीलाही चालते, हा निर्णय अक्काने स्वतःच दिला.

घरी आल्यावर दोन महिन्यांनी ती वॉकर सोडून काठीवर चालू लागली. आता गावी असते. दुपारी बाराला चाचींचा व्हिडिओ कॉल येतो. माझी वहिनी, त्या चुलतभावाची बायको, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते. मध्यंतरी अक्काने नुसतं वाढलेलं ताट दाखवून फोन बंद करायला सांगितलं. चाची पलीकडून म्हणाल्या, "फोन मत रख. खा मेरे सामने."

अक्का पुटपुटत जेवायला बसली. चाची तिकडे भाकरी मोडत होत्या, ही इकडे. वहिनी सांगते, त्या दिवशी अक्काने दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.