व्हर्लाचे ब्रँडीचे लाडू

व्हर्ला झास्ट्रोला साखरेची भीती वाटायची, आणि ती उगीच नव्हती. वजन घटवायच्या ऑपरेशननंतर तिचं आतलं पोट अंड्याएवढं उरलं, आणि त्यानंतरच्या पहिल्याच ख्रिसमसला नणंदेने आग्रह करकरून तिला चॉकलेटच्या वडीचा तुकडा भरवला. मग बाकीची मंडळी भेटवस्तू उघडत असताना ही बाथरूमच्या फरशीवर घामाघूम होऊन पडली होती. काळीज धडधडत होतं आणि दाराबाहेर नणंद विचारत होती, "अगं, एवढ्याशा तुकड्याने काय होतंय?" त्या दिवसापासून व्हर्लाच्या घरात साखर शिरली नाही.

ऑपरेशन तिने करून घेतलं ते नातीपायी. ब्रिटा जन्मली तेव्हा व्हर्लाच्या पोटावरून गाडीचा पट्टा जात नव्हता, आणि मुलीने, जनेलने, तोंडावर सांगितलं होतं, "आई, तुला धड स्टिअरिंग फिरवता येत नाही. बाळाला मी तुझ्या गाडीतून पाठवणार नाही." ते शब्द तिला फार लागले. आता निम्मी झालेली व्हर्ला रोज ब्रिटाला शाळेतून आणायची, पोहायला न्यायची. गावात कुणी विचारो न विचारो, "मी नातीला घ्यायला चाललेय," असं सांगत सुटायची.

ऑपरेशन झालेल्यांचा एक गट चर्चच्या तळघरात जमायचा. सणासुदीला या मंडळींचे फार हाल. जिथे जावं तिथे पेस्ट्री आणि केक, आणि यांनी कडेला बसून कॉफी प्यायची. व्हर्लाने त्यांचे सण परत आणले. भोपळ्याचा बिनसाखरेचा चीजकेक ती बोटभर वाट्यांत लावायची, दोन घासांत संपेल एवढाच. या वर्षी तिने ब्रँडीचे लाडू केले. बदामाचं पीठ, कोको, अक्रोड, बिनसाखरेची गोड पूड आणि ब्रँडी. भट्टीत घालायचे नाहीत, नुसते वळायचे.

गटातली माणसं खाण्याच्या डब्यावरची घटकांची बारीक यादी बायबलपेक्षा लक्ष देऊन वाचतात. तरी ब्रँडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कसा काढतील? आमच्या विस्कॉन्सिन राज्यात ब्रँडीला दारू कोण म्हणतं! ती ख्रिसमसची वस्तू, दालचिनीसारखी. गटाच्या नर्सबाई दर वर्षी बजावायच्या, "या पोटाला दारू सोसत नाही, सरळ रक्तात जाते. आणि खाण्याचं वेड सुटलं की माणूस दुसरं धरतो." यंदाही सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि पुन्हा लाडवांच्या ताटाकडे हात गेले.

लाडवांना रोज संध्याकाळी चमचाभर ब्रँडी पाजायची, ही व्हर्लाच्या आईची रीत. पत्र्याचा डबा थंड गॅरेजात ठेवलेला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून व्हर्ला रोज तिथे जाऊ लागली. एक चमचा डब्याला, मग चमचा चाटायचा. मग चव बघायला एक लाडू. मग डब्याच्या तळाशी साठलेलं, ते वाया कशाला घालवायचं? अंगात ऊब यायची. पूर्वी रात्री पंगतभर जेवूनही जे समाधान मिळायचं नाही, ते गॅरेजातल्या थंडीत उभ्या उभ्या मिळू लागलं. साखर शून्य होती, म्हणजे तिच्या हिशेबी पाप शून्य.

नवऱ्याच्या, गॉर्डीच्या, लक्षात रिकाम्या बाटल्या आल्या. "लाडू पितायत की तू?" तो हसत म्हणाला.

"जन्मात कधी ग्लास धरलेला पाहिलायस मला?"

"नाही."

"मग?"

त्याने बाटल्या उचलून कचऱ्यात नेऊन टाकल्या. भला माणूस, पण भलेपणानेही घात होतो कधीकधी.

ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी दुपारी गटाची पार्टी झाली आणि त्यानंतर चर्चमध्ये मुलांचं येशूजन्माचं नाटक होतं. मधल्या वेळात ब्रिटाला जनेलच्या घरून आणायचं होतं. गॉर्डीने किल्ली उचलली. "आज मी जातो."

"का? मी काय प्यालेय?" व्हर्लाने किल्ली हिसकावून घेतली. तिला खरंच राग आला होता, कारण आपण काही प्यालोच नाही असं तिला खरंच वाटत होतं.

ब्रिटा देवदूत झाली होती. चंदेरी पंख सीटमध्ये मावेनात, म्हणून ती पुढे वाकून बसली होती आणि आपलं एकच वाक्य घोकत होती. आभाळ शिशासारखं झालं होतं, अंधार उतरत होता. सरळ रस्ता उतरत तळ्याकडे जातो. चर्चसाठी खाली डावीकडे वळायचं. व्हर्ला चाळीस वर्षं तिथे वळत आली होती.

"आजी, वळ ना."

तिला ते ऐकू आलं, पण दुसऱ्याच कुणाला सांगितल्यासारखं.

"आजी! तळं!"

ब्रेक दाबला तेव्हा पुढची चाकं होड्या उतरवायच्या उताराच्या पलीकडे, बर्फावर होती. डिसेंबरचा कोवळा बर्फ. चाकांखालून लांबच लांब एक कण्हणं निघालं आणि तळ्याच्या मध्यापर्यंत गेलं. व्हर्लाने श्वास धरून मागचं दार उघडलं, पोरीला ओढून काँक्रीटवर घेतलं. एक पंख दारात अडकून फाटला. ब्रिटा रडली नाही. ती आजीच्या तोंडाजवळ नाक नेऊन म्हणाली, "तुला लाडवांचा वास येतोय."

फोन केल्यावर आलेल्या गॉर्डीने पिकअप ट्रकला दोर बांधून गाडी ओढून काढली. कामावरून थेट आलेली जनेल उतारावर उभी होती. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "किती लाडू खाल्लेस?"

"साखर नव्हती गं त्यात," व्हर्ला म्हणाली.

जनेल मागच्या सीटवरून ब्रिटाची लहान मुलांची खुर्ची सोडवू लागली. थंडीने तिची बोटं चालेनात, तेव्हा व्हर्लाने स्वतः वाकून कडी काढली आणि खुर्ची तिच्या हातात दिली. ब्रिटाने विचारलं, "उद्या मला शाळेतून कोण आणणार?" जनेलने तिला आपल्या गाडीत बसवलं. दोघी निघून गेल्या.

व्हर्ला रिकाम्या सीटकडे बघत उभी राहिली. रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिला त्या क्षणी फक्त एक लाडू हवा होता. ते तिचं तिलाच कळलं, आणि बर्फ कण्हला तेव्हासुद्धा भ्याली नव्हती इतकी ती भ्याली.