धावपट्टीवरची हळद

आयुष्यभर विमानांच्या पोटात हात घालून काम केलेला माणूस आभाळाकडे बघत चालेल, असं तुम्हांला वाटेल. आमचे सार्जंटआबा कायम खाली बघून चालायचे. माझ्या लग्नात हा माणूस अक्षता टाकायच्या सोडून मांडवातल्या टाचण्या आणि खिळे वेचत होता. मी वाईहून आलेली नवी नवरी. चुलत सासऱ्यांचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय, असंच मला वाटलं. पुढे कळलं, हवाई दलात रोज सकाळी माणसं ओळीने चालत धावपट्टीवरचा खडान् खडा वेचतात. एवढासा खिळा जेटच्या इंजिनाने ओढून घेतला तरी इंजिन गेलंच म्हणायचं. नोकरी सुटली, सवय काही सुटली नाही.

आमचं गाव पलूसच्या बाजूचं. गावाबाहेरच्या माळावर संस्थानच्या काळातली धावपट्टी. “राजेसाहेबांचं इमान हितं उतरायचं,” हे गावातला प्रत्येक म्हातारा स्वतः विमानातून उतरल्यासारखं सांगायचा. मी आले ते नव्वद सालानंतर. तेव्हा तिथे उतरायच्या त्या फक्त टिटव्या. पट्टीच्या कडेला पत्र्याची मोठी शेड होती, तिच्यात कडबा रचलेला.

आणि एक दिवस त्या शेडमध्ये लढाऊ जेट आलं. हवाई दलाने सेवेतून काढलेलं ते विमान तालुक्याच्या गावाला चौकात उभं करायला मिळालं होतं. कुठल्या चौकात, यावरून पुढाऱ्यांची जुंपली, आणि भांडण मिटेपर्यंत ते आमच्याकडे ठेवायचं ठरलं. धड एका गाडीवर, पंख दुसरीवर. आबांनी त्याच दिवशी सगळा कडबा बाहेर काढायला लावला आणि यापुढे शेडला हँगर म्हणायचं, असा हुकूम सोडला. जेट चौकात न्यायचा विषय कुणी काढला की आबा उसळायचे. “चौकात इमान ठिवलं की त्येच्यावर कावळं बसत्यात आन् पुढाऱ्यांची पोस्टरं चिकटत्यात. इमान पट्टीवरच पायजे!”

मग काय विचारता! ओळखीच्या जुन्या फिटरांना बोलावून पंख जोडले. मागच्या नळीत चिमण्यांनी घरटी करू नयेत म्हणून तिला गोणपाटाचं टोपडं शिवलं, ते माझ्याकडून. आबांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने विमान पुसायचं, आणि अधूनमधून चार गडी लावून ते थोडं पुढं ढकलायचं, चाकं बसू नयेत म्हणून. “टायर काय आन् मानूस काय, एका कुशीवर पडून ऱ्हायला की वाया गेला,” असं म्हणून ते घरात लोळत पडलेल्या माझ्या नवऱ्यालाही उठवायचे. त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या सगळ्या लहरी माफ केल्या.

पण खंडेनवमीला घात झाला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. बायका ताट घेऊन हँगरमध्ये गेल्या. पुढे होत्या शेवंताआक्का. त्यांचा मुलगा फौजेत, सीमेवर. आक्कांनी जेटच्या नाकाला भरघोस हळद-कुंकू लावलं, डोळे मिटून हात जोडले, आणि डोळे उघडून बघतात तर आबा फडक्याने कुंकू पुसतायत.

“आवं आबा,” आक्का म्हणाल्या, “पोरगा शिमेवर हाय माजा. तुमी कुकू पुसताय व्हय?”

“रंग खराब हुतो, आक्का,” आबा म्हणाले. खरंच होत असेल. पण काय बोलावं आणि कधी बोलावं, हे या माणसाला हवाई दलात कुणी शिकवलं नव्हतं! बायका ताटं उचलून निघून गेल्या. तेव्हापासून गावातली एकही बाई आबांशी बोलेना. मी घरातली म्हणून जेवायला वाढायची, पण मीही मोजकंच बोलायची. मलाही रागच आला होता.

त्याच हिवाळ्यात बातमी आली की धावपट्टीची जमीन कारखान्यांच्या शेडसाठी वाटून टाकणार. आबांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी एक साहेब म्हणाले, “पट्टी चालू आहे म्हणता ना? मग त्यावर विमान उतरवून दाखवा.” आबांच्या ओळखीचा एक वैमानिक छोटं विमान घेऊन यायला तयार झाला. साहेब त्याच्याच शेजारी बसून येणार होते. दिवस ठरला, आणि तो नेमका फाल्गुनातला.

आता फाल्गुनात आमच्या भागात काय असतं? हळद! काढलेली हळद काहिलीत शिजवायची आणि कडक उन्हात वाळवायची. आणि वाळवायला त्या धावपट्टीसारखी टणक, सपाट जागा साऱ्या पंचक्रोशीत नाही. गावाची सगळी हळद पट्टीवर पसरलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळंजर्द. अर्धवट वाळलेली हळद गोळा करून ठेवली तर तिला बुरशी धरते, वर्षाची मेहनत मातीत जाते.

मारुतीच्या देवळात बैठक बसली. आबा उभे राहून पलटणीला सांगावं तसे ओरडले, “मला पट्टी क्लीन पायजे!” पुरुषांनी सरपंचांकडे बोट दाखवलं. शेवटी सरपंच म्हणाले, “आबा, हळद बायकांनी हातरलीया. त्यास्नीच इचारा.” आपली मान सोडवून घ्यायला पुरुषांना बायका बऱ्या सापडतात! आबा बाहेर पडले. एवढा खमका माणूस, पण मला त्यांचं तोंड बघवेना. पट्टी गेली तर ते जगणार नाहीत, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका हळद उलटीपालटी करायला पट्टीवर आल्या तेव्हा आबा हँगरच्या दारात उभे होते. “आक्का, जरा आत येता का?” आक्का आल्या, पण पदर तोंडाला लावून. जेटच्या नाकाखाली पितळेची छोटी गोल चकती बसवली होती. चांगली दोन स्क्रूंनी. त्या विमानावर सुईचा ओरखडा उठला तरी आबांचा जीव खालीवर व्हायचा, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला भोकं पाडली होती.

“हितं लावा कुकू. कुनी पुसनार न्हाई. चुकलं माजं, आक्का.”

आक्कांनी चकतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “आवं, येवडं तोंडानं बोलायला सा म्हयनं लागलं?” आणि कमरेची कुंकवाची डबी काढली. कुंकू लावून बाहेर आल्या आणि पट्टीवरच्या साऱ्या बायकांना ऐकू जाईल असा आवाज दिला, “चला गं, भरा हळद!”

मग जे काही झालं ते बघायला हवं होतं. हळद देवळात, चावडीत, ओसरीवर, पलंगांखाली. मी गावच्या शाळेत शिकवायची, तिथले सगळे वर्ग हळदीने भरले. मी पोरांना लिंबाखाली बसवून पाढे म्हणून घेत होते, आणि पोरांच्या चड्ड्यांपासून पाटीपर्यंत सगळं पिवळं. मग आबांच्या मागे साऱ्या गावाने ओळ धरून पट्टीवरचे खडे वेचले. सरपंचसुद्धा वाकले. आमची थोडी हळद काळवंडली, खोटं कशाला बोलू? पण त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

विमान आलं. चाकं टेकली आणि मागे हळदीचा लोट उठला. साहेब उतरले ते बुटांपासून मिशांपर्यंत पिवळे. बायकांनी विमानाला ओवाळलं. त्या वैमानिकानेही मान पुढे करून कुंकू लावून घेतलं. साहेबांनी पट्टी चालून बघितली आणि आबांशी हात मिळवला.  आबा नवरीच्या बापासारखे नुसते हात जोडत फिरत होते.

जमिनीची वाटणी टळली. पुढे तिथे विमान चालवायला शिकायला मुलं येऊ लागली, सकाळ-संध्याकाळ घरघर सुरू झाली. जेट चौकात गेलंच नाही. आणि हळद? तिच्यासाठी गावाने माळाच्या पलीकडे वेगळी खळी केली, आबांनीच पुढे होऊन.

शतक संपायच्या आत आबा गेले. झोपेतच गेले. ओढ्याकाठच्या स्मशानाची वाट पट्टी ओलांडून जाते. आमच्याकडे बायका वेशीवरून मागे फिरतात, पण त्या दिवशी कुणीच फिरलं नाही. तिरडी पट्टीच्या कडेला पोचली आणि समोरून शिकाऊ पोराचं विमान खाली येताना दिसलं.

“थांबा रं,” आक्का म्हणाल्या. “आदी त्येला उतरू द्या.”

“आक्का, मयत मधीच थांबवत न्हाईत,” कुणीतरी म्हणालं.

“मग इसावा हितंच करा.”

वाटेत एका ठिकाणी तिरडी खाली टेकवून, खांदेकरी बदलून पुढे निघायचं, तो विसावा. आमचा विसावा पिढ्यान् पिढ्या वेशीवरच्या पिंपळाखाली व्हायचा. आबांचा धावपट्टीच्या कडेला झाला. विमान हळूच टेकलं, पळत पळत लांब जाऊन थांबलं.  मग पुरुषांनी आबांना उचललं आणि आम्ही पट्टी ओलांडली.

आता गावात कुणीही गेलं तरी विसावा तिथेच होतो. विमान उतरत असेल तर सगळे थांबतात.