टोला मारून दिलेली लादी

११ फेब्रुवारीला माझ्या मेहुण्याने पाटीच्या दगडाची एक लादी दोन हजार सातशे पन्नास रुपयांना विकली. पावती मी लिहिली, कारण सुट्टीच्या दिवशी त्याचं लिखापढीचं काम मीच बघतो.

मेहुणा बोन्सायच्या झाडांसाठी लाद्या आणि बैठका घडवतो. छिन्नीने दगडाचे पापुद्रे सोडवायचे, डोंगराच्या तुटलेल्या कड्यासारख्या दिसतील अशा कडा हातोडीने झाडायच्या आणि तळ घासून सपाट करायचा. शेवटी लादी बोटांवर तोलून लाकडी दांड्याने एक टोला. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर आत चीर; तिच्यात पाणी मुरतं आणि एक दिवस झाडासकट लादी दुभंगते.

त्याचे कान चार वर्षांपूर्वीच अधू झाले होते. समोरचं बोलणं कळे, दगडाचा आवाज कळत नसे. हे फक्त त्याच्या बायकोला, वहिनींना ठाऊक. तो टोला मारी, त्या शिलाई यंत्रावरून मान डोलावत किंवा डोलावत नसत. गिऱ्हाइकाला वाटे, कारागीर विचार करतोय.

त्या दिवशी वहिनी लेकीकडे गेल्या होत्या. घ्यायला आलेल्या बाई निवृत्त शिक्षिका. वडिलांनी लावलेलं साठ वर्षांचं झाड त्या लादीवर बसवून पुढच्या रविवारच्या प्रदर्शनात मांडणार होत्या. मेहुण्याने टोला मारून माझ्याकडे पाहिलं. पावती झाली का, असं विचारतोय समजून मी मान डोलावली.

बाई गेल्यावर त्याने विचारलं, "भाऊजी, खणखणीत होती ना?"

मग सगळं बाहेर आलं. आवाज माझ्या कानावर पडला असेल. लक्ष पावतीत होतं.

"चार वर्षं झाकली मूठ सांभाळली," तो म्हणाला, "आणि उघडली ती कारकुनासमोर."

पुढचे दिवस माझ्या जिवाला घोर होता. बाईंना कळवावं तर कानांचं सांगावं लागणार, आणि बहिऱ्याकडून लादी कोण घेणार? न कळवावं तर झाड. ऑफिसात मी बशी, पेपरवेट, टेबलाची काच, जे दिसेल त्यावर पेन वाजवून बघत होतो. शिपायाने तब्येत विचारली.

शनिवारी सकाळी मेहुणाच दारात आला. चला म्हणाला.

बाईंच्या गच्चीत झाड लादीवर बसलं होतं, नुकतंच पाणी घातलेलं. मेहुण्याने खाली बघत कानांचं सांगितलं. बाईंनी पदर खोचला. तिघांनी मिळून झाड उतरवलं. ओला दगड धड असला तरी बद्द वाजतो, म्हणून लादी दोन तास उन्हात उभी केली. चहा आला, कोणी फारसा प्यायला नाही.

मग त्याने टोला मारला. मला खणखणीतच वाटला. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "फुटकी आहे. पस्तीस वर्षं पोरांच्या पाट्या वाजवून बघितल्यात मी."

मेहुण्याने लादी कठड्यावर आपटली. दोन तुकडे झाले, आत तांबूस रेघ लांबवर गेलेली. त्याने खिशातले होते तेवढे सगळे पैसे बाईंसमोर ठेवले. कमी पडले ते मी घातले, माझाही खिसा रिकामा झाला.

उद्या प्रदर्शनात त्याची सगळी गिऱ्हाइकं बाईंना भेटणार होती. त्या कोणाला सांगतील का, हे विचारायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही. त्यांनीही आपणहून काही सांगितलं नाही.

परतीच्या रिक्षाचे साठ रुपये बाईंनी दिले. ते अजून द्यायचे आहेत.