मंडळाचं पहिलं डुक्कर

आमचे हे निवृत्त झाले आणि महिनाभरात देवळीत प्राण्यांसाठी मंडळ निघालं. माणूस घरात किती वेळ बसणार? यांनी वाचून वाचून सगळी माहिती जमवली होती. विलायतेत अशा संस्था कशा आधी गाडीच्या घोड्या-बैलांसाठी निघाल्या, लोक त्यांना कसे हसले, हे मला रोज भाजी निवडताना ऐकावं लागे. आमच्या गल्लीत आता टांगाही उरलेला नाही, पण यांना घोड्यांचीच काळजी.

पहिल्या सभेत अध्यक्ष म्हणून अर्थातच हे, शिवाय उपाध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष सगळे निवडले गेले. प्राणी तेवढा एकही नव्हता. मंडळाच्या नावात 'दया' असावी की 'मित्र', यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. मग आमच्या शेताशेजारच्या काकाजींनी शांतपणे विचारलं, "डुक्कर येते काय तुमच्या मंडळात?" सगळे हसले. रानडुकरांनी त्या हंगामात गावाचा हरभरा पार तुडवला होता, आमचाही अर्धा गेला होता. यांनी तो विषय पुढच्या सभेवर ढकलला.

डुकरांना तेवढा दम नव्हता. आठवडाभरातच एका संध्याकाळी आमच्याच विहिरीत रानडुकराचं पिल्लू पडलं. बांधावर हां हां म्हणता गर्दी जमली, दोघातिघांनी मोबाइल काढले. पिल्लाशी कोणाला देणंघेणं नव्हतं. अध्यक्ष काय करतात ते पाहायचं होतं. यांनी वनखात्याला फोन केला, तर गाडी लांबच्या गावी बिबट्यामागे गेलेली. इकडे पिल्लू दमून पाण्यात खालीवर होत होतं.

"राहू द्या न भाऊ, एक कमी होईन," कोणीतरी म्हणालं. खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं.

यांनी शेतातल्या खोपडीतली बाज ओढत आणली, चारी पायांना दोर बांधले आणि विहिरीत सोडली. हसणाऱ्यांतल्याच चौघांनी दोर धरले, त्यांत काकाजीही. पिल्लू बाजेवर चढे आणि पुन्हा घसरे. हे काठावर पालथे पडून त्याला "ये बापा, ये" म्हणत होते. त्यात चष्मा विहिरीत गेला, तो अजून तिथेच आहे.

अखेर बाज वर आली. पिल्लानं अंग झाडलं आणि पळालं ते थेट आमच्या उरलेल्या हरभऱ्यात. लोक पोट धरून हसले. तेवढ्यात शेजारच्या तुरीतून त्याची आई निघाली, तिच्यामागे सगळा कळप, आणि तोही आमच्याच हरभऱ्यात उतरला. काकाजी हाकारा घालणार होते, मी तर ढेकूळ उचललंच होतं. यांनी माझा हात धरला.

"आज खाऊ दे त्याइले," हे म्हणाले. "पोरगं भेटलं त्याइचं."

मी ढेकूळ खाली टाकलं. मग कोणीच हाकारा घातला नाही.